“आधी मोजा, मग शोधा” म्हणणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

जुन्या रेसर सायकलीला तिच्या काळाची रिम कशी निवडायची, हे तुम्ही आम्हाला हब, म्हणजे चाकाच्या मधला तारा जोडायचा भाग, हातात देऊन शिकवलंत. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानतोय, कारण कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत माळ्यावरून अशा सायकली अजून निघतात आणि बहुतेकांचा पहिला मोठा खर्च चुकीच्या रिमवरच होतो. तुमचं सांगणं त्यांच्यापर्यंतही पोचावं.

तुमची पहिली अट म्हणजे इंच विसरायचे आणि टायरची कड रिमवर जिथे बसते तो व्यास मिलीमीटरमध्ये धरायचा. २७ इंची रेसरचा तो ६३० असतो, ७०० सीचा ६२२ आणि आपल्याकडच्या २८ बाय दीडच्या दणकट सायकलीचा ६३५. ६३० आणि ६३५ या रिमा शेजारी ठेवल्या तरी डोळ्याला फरक कळत नाही. २८ चा टायर २७ च्या रिमवर अलगद चढतो, आणि अलगद चढला हीच धोक्याची खूण. पूर्ण हवा भरली की कड रिमबाहेर उडते आणि ट्यूब फुटते. उलट २७ चा टायर ६३५ वर चढत नाही. लिव्हर घालून जबरदस्ती केली तर कडेतली तार ताणून तुटते.

ती २८ ची रिम कुठल्याही दुकानात मिळते, भोकंही ३२ आणि ४० असतात, म्हणून मोह फार होतो. पण ती रॉड ब्रेकसाठी, म्हणजे सळईनं ओढल्या जाणाऱ्या ब्रेकसाठी, घडवलेली असते. तिथे ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या बाजूवर दाबतं. कडा गोलसर असल्यामुळे रिमच्या दोन बाजूंना चिमटणाऱ्या कॅलिपर ब्रेकच्या रबराला सपाट जागाच मिळत नाही. हे एक वाक्य तुम्ही सांगितलंत आणि रिमांची एक अख्खी जोडी वाया जायची वाचली.

दुसरी अट भोकांची. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० तारा (स्पोक) ही रीत होती, तर इटालियन आणि फ्रेंच रेसरमध्ये दोन्हीकडे ३६. चाळीस भोकी अल्युमिनियमची रिम शोधताना दम निघतो, म्हणून बरेच जण मागचा हबच बदलतात. तुम्ही त्याला ठाम नाही म्हणालात, आणि ते पटलं. हब हा सायकलीचा जन्मदाखला आहे. कॅम्पाग्नोलो रेकॉर्डच्या अनेक जुन्या मागच्या हबच्या लॉकनटवर वर्षाचे आकडे कोरलेले असतात, स्टर्मी-आर्चरच्या गिअर हबवर तर महिना आणि वर्ष दोन्ही. तो दाखला फेकून दिला तर रिम कोणत्या काळाची शोधायची, हे ठरवायचं कशावरून? जोडीला मागचा हब जिथे बसतो त्या चिमट्याची आतली रुंदी मोजायची: पाच चक्रांच्या फ्रीव्हीलला १२० मिमी, सहा-सात चक्रांच्या काळात १२६, आठपासून पुढे १३०. हब मूळचा असून दोन-तीन मिलीमीटर कमी पडत असतील तर उद्यमनगरात लेथवर वॉशर करून मिळतो, फ्रेम वाकवायची गरज नाही. मात्र वॉशर एकाच बाजूला घातला तर चाक मध्यावरून सरकतं आणि तारा पुन्हा ओढाव्या लागतात.

काळाचं गणित तुम्ही ज्या बारकाईनं उलगडलंत, ते आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. शर्यतीच्या सायकलीला एकेकाळी लाकडी रिमा असत. १९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये आंतोनॅं मान्यनं माविक कंपनीच्या ड्युरल्युमिनच्या (अल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) रिमा वापरल्या, त्याही लाकडासारख्या रंगवून, आणि ती शर्यत जिंकली. पुढे कित्येक दशकं शर्यतीत ट्युब्युलर, म्हणजे शिवलेला टायर डिंकानं चिकटवायची रिम, हाच नियम होता; २७ इंची, कडेत तार असलेल्या टायरची रिम क्लबात रोज चालवणाऱ्यांची. १९७५ मध्ये माविकची मॉड्युल ई रिम आणि मिशलँचा एलान टायर एकत्र आले, तेव्हा अरुंद, जास्त हवेचा तारेचा टायर शर्यतीच्या जवळ पोचला. म्हणून १९६५ च्या सायकलीला कड आतल्या बाजूला हुकासारखी वळलेली अरुंद ७०० सी रिम शोभत नाही. गडद राखाडी ॲनोडाइझ्ड रिम साधारण १९८० नंतरची. ब्रेकची बाजू मशीनवर कातून चकचकीत केलेली असेल, तर ती १९९० च्या दशकातली किंवा त्यानंतरची. ही शेवटची खूण दहा फुटांवरून दिसते आणि सगळी सायकल बिघडवते. साठ-सत्तरच्या दशकासाठी फियामे, निसी, सुपर चॅम्पियन, वाइनमान यांच्या साध्या रुपेरी रिमा बघायच्या.

जुनी रिम विकत घेण्यापूर्वी ती कडप्प्यावर आडवी ठेवायला तुम्ही शिकवलंत. खाली एक-दोन मिलीमीटर फट दिसली तर चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, तारा ओढून निघतो. त्याहून जास्त पीळ असेल तर तारांचा ताण कुठे कमी, कुठे जास्त ठेवावा लागतो आणि सैल तारा महिन्याभरात तुटायला लागतात. मग भिंग घेऊन निप्पलच्या, म्हणजे तार रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या, प्रत्येक भोकाभोवती केसासारख्या चिरा शोधायच्या. चीर सापडली की रिम भिंतीवर शोभेला, रस्त्यावर नाही. ब्रेकच्या बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरायची. मध्ये पोकळ दिसली तर ती बाजू झिजून पातळ झालेली. ट्युब्युलर रिमवरचा वाळलेला डिंक ॲसिटोननं मऊ करून लाकडी पट्टीनं काढायचा. पात्यानं खरवडलं तर अल्युमिनियमवर ओरखडे उठतात. कॉस्टिक सोड्याला तर हातच लावायचा नाही, तो धातूच खातो.

तारेची लांबी काढायची तुमची युक्ती आम्ही आता सगळ्यांना दाखवतो. जुन्या दोन तारा अशा कापायच्या, की निप्पल पुरता बसवून चिकटवल्यावर त्याच्या खाचेपासून कापलेल्या टोकापर्यंत बरोबर २०० मिमी भरतील. समोरासमोरच्या भोकांत त्या घालून ताणायच्या, मधली फट मोजायची आणि ४०० मिळवायचे; तारा जिथे संपतात तो व्यास मिळतो. चार ठिकाणी मोजून सरासरी घ्यायची. दोन मापांत दोन मिलीमीटरहून जास्त तफावत आली तर रिम अंडाकृती झालेली आहे. या व्यासात ८ मिमी फरक पडला की तारेच्या लांबीत सुमारे ४ मिमी पडतो, त्यामुळे जुन्या तारा नव्या रिमला ‘चालून जातील’ असं कधी धरायचं नाही. लांब तार ट्यूबला टोचते. आखूड तार निप्पलच्या डोक्यापर्यंत पोचत नाही आणि डोकं तुटून निघतं. लांब तार कापून साध्या डायनं आटे पाडणंही तुम्ही थांबवलंत, कारण तारेचे आटे दाबून उठवलेले असतात, आणि कापून पाडले की तार तिथेच कमजोर होते.

हुक नसलेल्या सरळ कडेच्या २७ इंची रिमला ७० पीएसआयच्या पुढे हवा नाही आणि घडी होणारा टायर तर अजिबात नाही. ही ताकीद आम्ही पंपावरच लिहून ठेवली आहे. क्रोम केलेली स्टीलची रिम काही सायकलींना काळानुसार अगदी बरोबर असते, पण पावसात तिच्यावर ब्रेक जवळजवळ लागत नाही. आषाढात पन्हाळ्याचा घाट उतरणाऱ्याला त्याच काळाची अल्युमिनियमची रिम द्यावी, हे तुमचं मत आम्हालाही मान्य. आणि ६३० काढून ६२२ लावायचीच वेळ आली तर ब्रेकचं रबर ४ मिमी खाली जातं. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे रिमचे पैसे देण्याआधी बघायचं.

विणताना ३२ आणि ३६ ला तीन छेद, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडते; ४० ला चार. वॉल्व्हचं भोक समांतर जाणाऱ्या दोन तारांच्या मध्ये यावं, म्हणजे पंपाचं तोंड बसतं. हबवरचं नाव वॉल्व्हच्या भोकातून वाचता यावं, ही तुमची शिस्त. तिच्यासाठी पूर्ण विणलेलं चाक तुम्ही पुन्हा सोडलंत आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. मामा, त्या चाकाचे आभार कुठल्या शब्दांत मानावेत, कळत नाही.

माप घ्यायच्या तुमच्या दोन तारा आमच्याकडेच राहिल्या आहेत. त्यांवरून आम्ही आमच्यासाठी नव्या दोन करून घेतल्या. तुमच्या दोन तारा या पत्रासोबत परत पाठवत आहोत. चाळीस भोकी रुपेरी रिम कुठे दिसली तर तुमच्यासाठी धरून ठेवतो.

आपले,
जुन्या सायकली जोडणारे आम्ही सगळे
कोल्हापूर