पगार किती ते आधीच सांगा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला. "दान करण्याआधी हे वाचा" असा सुरू होणारा, खाली हात जोडलेले आठदहा इमोजी. म्हणे युनिसेफच्या अमेरिकेतल्या शाखेच्या प्रमुख बाईंना वर्षाला १२ लाख डॉलर पगार आणि वर फिरायला रोल्स रॉइस, आणि गुडविल नावाच्या संस्थेच्या 'मालका'ला २३ लाख डॉलर. हा मेसेज ईमेलच्या जमान्यापासून फिरतोय आणि कितीतरी वेळा खोटा ठरलाय. गुडविलला मालकच नाही, ती ना-नफा संस्था आहे, आणि मेसेजमध्ये मालक म्हणून ज्याचं नाव दिलंय तसा कोणी माणूस तिथे नव्हताच. त्या बाईंना रोल्स रॉइस कधीच नव्हती आणि तेव्हाचा त्यांचा खरा पगार मेसेजमधल्या आकड्याच्या निम्मासुद्धा नव्हता. हे सगळं मी शोधून ग्रुपवर टाकलं, अर्धा तास घालवून. त्यावर भाच्याचा एका ओळीत रिप्लाय, "पण मावशी, लाखांत होता ना? मग झालं की."

तेव्हापासून हे "मग झालं की" डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी स्वतः काही वर्षं एका लहान संस्थेचे हिशेब लिहिलेत, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहिती आहेत. आणि पहिलं सांगते, लोकांना संशय येतो तो उगाच नाही. अमेरिकेत युनायटेड वे ही केवढी मोठी संस्था, ऑफिसात पगारातून परस्पर देणगी कापून द्यायचे लोक तिला, तिचे प्रमुख विल्यम अ‍ॅरामोनी यांना १९९२ मध्ये राजीनामा द्यावा लागला, पगार आणि भत्ते मिळून वर्षाला ४ लाख ६३ हजार डॉलर, पण खरं प्रकरण त्याहून वेगळं होतं, संस्थेचा पैसा खासगी मौजेवर उडवल्याबद्दल १९९५ मध्ये ते दोषी ठरले आणि सात वर्षांची शिक्षा झाली. मग २०१५ मध्ये कॅन्सरच्या नावावर चालणाऱ्या चार संस्थांचं प्रकरण. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सगळ्या ५० राज्यांना बरोबर घेऊन केस केली. एकाच माणसाच्या गोतावळ्याने चालवलेल्या त्या संस्थांनी २००८ ते २०१२ या काळात १८ कोटी ७० लाख डॉलर जमवले होते, आणि त्यातून काय झालं तर गाड्या, क्रूझ, कॉलेजच्या फिया, जिम, आणि चक्क डेटिंग साइटची मेंबरशिप. पेशंटपर्यंत पोचलं ते नावापुरतं. असं वाचल्यावर कोण विश्वास ठेवेल? सुक्याबरोबर ओलंही जळणारच.

पण आता ह्याच प्रकरणातली एक गोष्ट बघा, ती माझ्यासारख्या हिशेब लिहिणारीला जास्त खुपते. कागदावर ह्या संस्था चांगल्या दिसत होत्या! कशा? तर औषधं वगैरे वस्तूरूपाने मिळालेली मदत परदेशात पाठवली असं दाखवून त्यांनी २२ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम पुस्तकात चढवली होती. म्हणजे माल एकीकडून निघून दुसरीकडे जाणार, ह्यांनी मधे नुसतं नाव लावायचं, पण तेवढा आकडा जमेत आणि तेवढाच 'सेवाकार्या'त. मग बाकीचा खर्च टक्क्यांत चिमुकला दिसायला लागतो.

आपण सगळे विचारतो तो प्रश्न एकच, रुपयातले किती पैसे गरजूपर्यंत जातात? प्रश्न साधा आहे, वाईट नाही, पण संस्थांना तो इतका पाठ झालाय की उत्तर तयारच असतं. दुसरी युक्ती पत्रांची. समजा संस्थेने लाखभर लोकांना देणगी मागणारी पत्रं पाठवली आणि त्यात खाली दोन ओळी आजाराची लक्षणं काय ते लिहिलं, की त्या छपाईतला आणि टपालातला काही भाग 'जनजागृती' खाती टाकता येतो, नियमात बसवून. मॅनेजरचा पगारसुद्धा असाच वाटता येतो, इतका वेळ ऑफिसचं काम, इतका वेळ प्रकल्पाचं, वाटणी कोण करतो तर मॅनेजर स्वतः. ह्यात चोरी नाही. पण ९० टक्के की ७० टक्के हे पुष्कळदा काम किती झालं त्यापेक्षा हिशेब लिहिणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं, आणि तो हात मी चालवलाय म्हणून सांगते.

अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रमुख बाई सांगायच्या की प्रत्येक डॉलरमधले ९१ सेंट सेवेला जातात. २०१४ मध्ये पत्रकारांनी त्यांचेच कागद काढले तर नुसता देणग्या जमवायचा खर्चच सरासरी १७ टक्के. मग ९१ आले कुठून? संस्थेने वेबसाइटवरचं वाक्य बदललं. हैतीच्या २०१० च्या भूकंपासाठी ह्याच संस्थेने जवळजवळ ५० कोटी डॉलर गोळा केले आणि २०१५ मध्ये बातमी आली की कायमची घरं बांधली फक्त सहा. संस्थेचं म्हणणं की आम्ही बाकी खूप केलं, निवारा, पाणी, दवाखाने, आणि केलंही असेल, पण पैसा आधी ह्यांच्याकडे, ह्यांनी आपला कार्यालयीन खर्च काढून दुसऱ्या संस्थेला द्यायचा, ती परत तिचा खर्च काढणार, असं टप्प्याटप्प्याने कापत कापत गेलं. देणाऱ्याला ही साखळी दाखवलीच नव्हती. त्याला दाखवला होता फोटो.

माझं म्हणणं ह्या फोटोशीच आहे. जाहिरातीत असतं एक मूल, मोठे डोळे, आणि खाली "तुमच्या मदतीने हिचं पोट भरेल". त्यात ऑफिस नाही, अकाउंटंट नाही, गोदाम नाही, ड्रायव्हर नाही, डायरेक्टर तर नाहीच नाही. आपण मनातल्या मनात पैसे थेट त्या मुलीच्या हातात ठेवतो. मग वर्षादोन वर्षांनी कुठून तरी कळतं की डायरेक्टरला एवढा पगार आहे, आणि आपल्याला वाटतं तो त्या मुलीच्या ताटातूनच उचललाय. आकडा मोठा असो की लहान, राग येतो तो आपल्याला नंतर, आणि दुसऱ्याकडून कळलं म्हणून. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर हेच झालं की, रेड क्रॉसने वेगळा फंड काढला, ५० कोटी डॉलरच्या वर पैसे आले, मग त्यातले काही पुढच्या संकटांसाठी राखून ठेवणार असं बाहेर आलं. हिशेबाच्या दृष्टीने त्यात वेडंवाकडं काही नव्हतं, पण लोक एवढे भडकले की त्या वेळच्या प्रमुखांना जावं लागलं आणि सगळा पैसा पीडितांनाच देऊ असं जाहीर करायला लागलं. चोरी कोणी केली नव्हती, सांगितलं नव्हतं एवढंच.

काही संस्थांनी ह्यावर तोडगा काढलाय, तुमचे शंभरच्या शंभर टक्के थेट कामाला, ऑफिसचा खर्च वेगळे मोठे देणगीदार उचलतात. पाण्यासाठी काम करणारी चॅरिटी वॉटर ही त्यातली माहितीतली. माझ्या मते ही एका खिशातून दुसऱ्या खिशात सरकवासरकव आहे, पगार कोणीतरी देतंयच ना? आणि ह्याने लोकांना आणखी वाटतं की पगार म्हणजे काहीतरी लाजिरवाणी गोष्ट आहे, मोठ्या माणसांनी परस्पर मिटवायची. दुसरीकडे सरकारं टक्क्यांवर टाच आणतात. भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून एकदम २० वर आणली. उधळपट्टी करणाऱ्याला २० टक्केही पुरतात आणि ज्या संस्थेचं कामच माणसांचं आहे, म्हणजे सल्ला, शिक्षण, कोर्टातली मदत, तिला पन्नासही कमी पडू शकतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी ह्याला संस्थांची उपासमार म्हटलं होतं. लोकांना खर्च कमी बघायचा असतो म्हणून संस्था कमी दाखवतात, ते बघून लोकांची अपेक्षा आणखी खाली जाते, शेवटी कॉम्प्युटर जुना, ऑडिट ढिलं, आणि ऑडिट ढिलं की आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. २०१३ मध्ये तर संस्थांना रेटिंग देणाऱ्यांनीच एकत्र पत्र काढून देणगीदारांना सांगितलं की बाबांनो फक्त ओव्हरहेडचा, म्हणजे ऑफिस-पगाराच्या वरखर्चाचा, टक्का बघून ठरवू नका. किती जणांनी वाचलं देव जाणे.

आता पगाराचं. हजारो कर्मचारी, पूर-भूकंपात रातोरात ट्रक आणि विमानं हलवणं, हे काम फुकट कोणी करावं अशी अपेक्षा मला तरी पटत नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर मग घरचं असणारेच येणार. पण "मार्केट रेट" हे उत्तरसुद्धा मी आंधळेपणाने घेणार नाही. पद्धत अशी असते की कार्यकारी मंडळ बाकीच्या तशाच संस्थांचे पगार मागवतं आणि त्यावरून ठरवतं, आता आपला डायरेक्टर सरासरीच्या खाली आहे असं कुठलं मंडळ कबूल करेल? मग प्रत्येक जण थोडा वर ठेवतो आणि सरासरी दरवर्षी चढत राहते. अमेरिकेने २०१७ च्या कायद्यात १० लाख डॉलरच्या वरच्या पगारावर संस्थेलाच २१ टक्के कर लावला, तो काय उगाच लावला?

आणि उलटंही ऐका. मी जिथे हिशेब लिहायचे तिथले अध्यक्ष एक पैसा पगार घ्यायचे नाहीत, प्रत्येक भाषणात सांगायचे, टाळ्या पडायच्या. पण ऑफिसची जागा त्यांच्या जवळच्या नातेवाइकाची, भाडं संस्था भरणार, गाडीचं पेट्रोल संस्थेच्या खाती, छपाईचं काम दर वेळी त्याच एका ओळखीच्या प्रेसला, कोटेशन मागवायचं नाहीच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ताई, मी इथे पगार तरी घेतो का?" त्यानंतर मी ते काम सोडलं. शून्य पगाराचा माणूस किती महाग पडतो ते तिथे कळलं. त्यामुळे कोणी निःस्वार्थ म्हटलं की मी आधी भाड्याची पावती बघते, सवयच लागलीय.

गवगवा झाला म्हणजे सगळं खरं असंही नाही. जखमी सैनिकांसाठीच्या वूंडेड वॉरियर प्रोजेक्टवर २०१६ मध्ये बातम्या आल्या की एका रिसॉर्टवरच्या मेळाव्याला ३० लाख डॉलर उडवले, दोन वरचे अधिकारी गेले, पण संस्थेने बाहेरून करवलेल्या तपासणीत तो खर्च दहा लाखांच्या आतच निघाला. ब्रिटनमधली मुलांसाठी काम करणारी किड्स कंपनी नावाची संस्था २०१५ मध्ये बंद पडली, तिच्या संस्थापक बाईंवर आणि ट्रस्टींवर काय काय लिहिलं गेलं, आणि २०२१ मध्ये हायकोर्टाने त्यांना कंपनीचे संचालक व्हायला अपात्र ठरवायला नकार दिला. तोवर लोकांचं "मग झालं की" म्हणून झालेलं होतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अमेरिकेत संस्थांना ९९० नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात वरच्या लोकांचे पगार असतात आणि तो कोणालाही बघता येतो. ब्रिटनमध्ये मोठ्या संस्थांना ६० हजार पौंडांच्या वर पगार घेणारे किती ते वार्षिक हिशेबात द्यावं लागतं. चांगलंच आहे, पण हे सगळं मागच्या पानांवर, शोधणाऱ्यासाठी. मी म्हणते ते पुढे आणा ना. त्या फोटोच्या खालीच छापा, आमच्या प्रमुखांचा पगार एवढा, तो ह्या लोकांनी ठरवला, प्रमुखांच्या नातेवाइकांशी व्यवहार असले तर एवढे, आणि गेल्या वर्षी जे करू म्हटलं होतं त्यातलं एवढं झालं, एवढं राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे इथे चालत नाही, लोक बंद मूठ बघून पाच लाख धरून चालतात.

मी ज्या तीन संस्थांना दरवर्षी थोडंफार देते त्यांना मेल करून हेच विचारलं. एकीकडून आभाराचं पत्र आलं, त्यात परत मुलीचा फोटो. दुसरीकडून एका मुलाचा फोन, आवाजावरून नवीनच लागला असेल, म्हणाला मॅडम ही माहिती कॉन्फिडेन्शियल आहे, आणि मग जरा घाबरून, तुम्हाला आमच्या कामाबद्दल काही शंका आहे का? म्हटलं नव्हती. तिसऱ्या संस्थेने दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवली, पान नंबरसकट. आकडा मला वाटला होता त्याहून बराच मोठा निघाला, खरं सांगायचं तर थोडी खट्टूच झाले, पण ह्या वर्षी तिघांचे पैसे त्यांनाच पाठवलेत. ती पीडीएफ भाच्यालाही पाठवली. दोन निळ्या टिका दिसतायत, रिप्लाय अजून नाही.

आपली,
एक वाचक