गोहरचा चेहरा

पुणे, रविवार रात्र

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू म्हणालीस, ‘जो सिनेमा पाहिलाच नाहीस, त्याचं एवढं काय मनाला लावून घेतेस?’ तेव्हा मला धड सांगता आलं नाही.

‘गुणसुंदरी’ १९२७ सालचा. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीचा मूकपट, दिग्दर्शक चंदुलाल शाह, नायिका गोहर. पडद्यावर देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची गर्दी असताना या माणसानं एका साध्या घरात कॅमेरा नेला. बायको दिवसभर घरात राबते. नवरा दमून येतो, स्वतःच्या कटकटी सांगायला लागतो, तर ती म्हणते, मलाही माझ्या आहेत. तो एका नाचणारणीच्या नादी लागतो. मग बायकोला उमगतं की नुसतं कर्तव्य करून भागत नाही, नवऱ्याची सोबतीणही व्हायला हवं. इंग्रजी नावाचा अर्थच मुळी ‘नवरे वाट का सोडतात’ असा होता.

म्हणजे चूक तिचीच! वाचलं आणि मला माझी आत्या आठवली. काका रात्री उशिरा यायचे, ती ताट झाकून बसलेली असायची, आणि नातेवाईक तिलाच म्हणायचे, ‘तूच जरा नीट राहा गं.’ त्या दिवशी मी चंदुलाल शाहांवरही चिडले.

पण माधवी, मूकपटात गोष्ट म्हणजे नुसत्या पाट्या. अधूनमधून चार ओळी यायच्या, ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी त्या मोठ्यानं वाचायचं. बाकी सगळं चेहऱ्यावर. नवरा कुठून आलाय हे कळतं, त्या क्षणी गोहर कशी बघत असेल? मत्सर होता, संताप होता, की नुसता थकवा? पाटी तिला दोष देत असताना तिचे डोळे वेगळंच काही सांगत असतील, तर तो सिनेमा सारा उलटा होतो. हेच मला बघायचं होतं, आणि नेमकं तेच उरलेलं नाही. कथासार उरलं.

आपल्याकडे १,३०० च्या वर मूकपट निघाले, त्यातले तीसही शिल्लक नाहीत. नायट्रेटची फिल्म, लगेच पेट घेणारी. नाही जळली तर कुजली, नाही कुजली तर तिच्यातल्या चांदीसाठी भंगारात गेली. जुन्या मूकपटाला बाजारात किंमत उरली नव्हती, चांदीला होती. मला हे अजून सहन होत नाही.

हीच गोष्ट घेऊन १९३४ मध्ये शाहांनी बोलपट केला, पुन्हा गोहरलाच घेऊन. पण तिथं तिला बोलता येत होतं. मला ती न बोलणारी हवी आहे.

तू आत्याला पाहिलं होतंस, त्या उन्हाळ्यात आठ दिवस आपण तिच्याकडेच होतो. काकांसाठी दार उघडताना ती कशी बघायची, तुला आठवतं का? आठवत असेल तर लिही. माझ्या डोळ्यांपुढे आता फक्त ते झाकलेलं ताट येतं.

तुझी,
शालन