ओव्हरक्लॉक केलेला संगणक विकताना सेटिंग बिलावर लिहून द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेमिंगसाठी जुळवून दिलेल्या संगणकाचा प्रोसेसर ठरलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने, म्हणजे ओव्हरक्लॉक करून, गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, ही पद्धत आता आपल्या भागातही रुळू लागली आहे. त्याला माझी हरकत नाही. गती किती वाढवली, त्यासाठी व्होल्टेज किती दिले आणि त्यावर यंत्र किती तास चालवून पाहिले, यातले एक अक्षरही बिलावर नसते, याला मात्र आहे. आमच्या घरी जे घडले ते सविस्तर लिहितो, कारण त्यातला तपासाचा भाग इतरांच्याही उपयोगी पडावा.

माझ्या धाकट्या भावाने डिसेंबरात मुलासाठी एक वापरलेला, पण चांगल्या स्थितीतला संगणक घेतला. त्यात इंटेलचा २०१८ साली बाजारात आलेला, सहा कोअरचा (म्हणजे आत सहा स्वतंत्र गणक असलेला) आय५-९६००के हा प्रोसेसर आहे. त्याची मूळ गती ३.७ गिगाहर्ट्झ असून गरजेप्रमाणे तो स्वतःहून ४.६ पर्यंत जातो. दुकानदाराने "ट्यून करून दिलाय" एवढेच सांगितले होते. त्याच संगणकावर दिवसा भावाच्या हळदीच्या अडतीचे हिशेब चालतात आणि रात्री पुतण्याचे गेम. थंडीत काही झाले नाही. मार्चअखेरीस मात्र गेम सुरू करून पाऊण तास झाला की पडदा गोठायचा, कधी निळा पडदा येऊन त्यावर 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' अशी अक्षरे दिसायची, तर कधी यंत्र काही न सांगता बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. दुकानदाराने आधी घरच्या विजेला दोष दिला आणि नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बसवला. मग विंडोज फॉरमॅट केले. आठवड्याने परत फॉरमॅट केले. शेवटी बोट मदरबोर्डकडे वळले, तोवर आठ हजारांच्या वर खर्च झाला होता.

माझ्यापर्यंत हे प्रकरण आले ते गेममुळे नव्हे. भावाने हिशेबांची झिप करून पेनड्राइव्हवर ठेवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडेना, सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला मजकूर बिघडल्याची खूण, येऊ लागली. गोठलेला पडदा निदान दिसतो तरी. पण डळमळीत गतीवर चालणारा प्रोसेसर मधूनच एखादी आकडेमोड चुकवतो आणि चुकलेले उत्तर गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसते, याची कल्पना घरात कोणालाच नव्हती.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत ३१ वर्षे टर्नर म्हणून काम केले. लेथवर जॉब थरथरू लागला तर फेरे, फीड आणि कटाची खोली या तिन्ही गोष्टी एकदम बदलायच्या नसतात. एक बदलायची, पाहायचे, वहीत लिहायचे. पुतण्यासमोर दोनशे पानी वही ठेवली आणि हाच नियम लावला. संगणकातले तपशील त्याने शोधले, शिस्त माझी होती.

विंडोज जिथे बिघाडांच्या नोंदी ठेवते, त्या इव्हेंट व्ह्यूअरपासून सुरुवात केली. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की बरेच जण एसएमपीएस बदलायला धावतात. प्रत्यक्षात ती नोंद संगणक रीतसर बंद झाला नव्हता एवढेच सांगते, कशामुळे ते सांगत नाही. महत्त्वाच्या होत्या त्या हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या 'व्हिया-लॉगर'च्या १९ क्रमांकाच्या नोंदी, ज्यांत 'इंटर्नल पॅरिटी एरर' असे लिहिले होते. आपल्याच पोटात चूक सापडली आणि ती दुरुस्त केली, अशी ती प्रोसेसरची कबुली असते. अशा नोंदी गती वा व्होल्टेज चुकल्याकडे बोट दाखवतात. दोनदा फॉरमॅट केल्यामुळे आधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या आणि आमच्या हाती फक्त नऊ दिवसांच्या उरल्या होत्या. निदान होण्याआधी फॉरमॅट करणे म्हणजे पुरावा धुऊन टाकणे, हे दुकानदारांनी लक्षात घ्यायला हवे.

मग बायोसमध्ये, म्हणजे यंत्राची गती-व्होल्टेज ठरवायच्या पडद्यावर, गेलो. मल्टिप्लायर (पायाच्या गतीला गुणायचा आकडा) ५० होता, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या पायावर सहाही कोअर ५ गिगाहर्ट्झला बांधलेले. व्होल्टेज १.३० वर कायम केलेले. शिवाय रॅमचे एक्सएमपी, म्हणजे तिची गती वाढवणारे तयार सेटिंग, सुरू होते. या प्रोसेसरसाठी इंटेलने रॅमची गती २६६६ पर्यंत सांगितली आहे, ती इथे ३२०० होती. याचा अर्थ गती दोन ठिकाणी वाढवलेली होती, आणि दोष कुठे आहे ते दोन्ही चालू असताना कळणे अवघड होते. हे सगळे आकडे वहीत उतरवून घेतले आणि सीमॉस क्लिअर करून (बायोसमधले बदल पुसून) यंत्र मूळ सेटिंगवर आणले. तीन दिवस गेम, हिशेब, झिप सगळे केले. एकही चूक नाही. तेवढ्यावरच मदरबोर्ड, एसएमपीएस आणि घरची वीज यांच्यावरचा संशय जवळजवळ फिटला. खर्च काहीच आला नाही. दुकानात पहिल्याच दिवशी हे करता आले असते.

चौथ्या दिवशी फक्त एक्सएमपी सुरू केले आणि रात्रभर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ लावून ठेवले. चार फेऱ्या चुकीविना पार पडल्या, तेव्हा रॅमही सुटली. त्यानंतर प्रोसेसरची दुकानातली सेटिंग जशीच्या तशी परत घातली आणि प्राइम९५ चालवले. ही मुळात मोठ्या मूळ संख्या शोधणारी प्रणाली. तिला आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे स्वतःला कळते, म्हणून ती या कामाला उपयोगी पडते. अकराव्या मिनिटाला सहापैकी एक वर्कर (एकेका कोअरवर चालणारी आकडेमोड) थांबला आणि खिडकीत 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' अशी ओळ आली, म्हणजे आकडेमोड चुकली होती. बाकीचे पाच चालूच होते, पंखा चालू होता, माऊस हलत होता. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र ठणठणीत वाटले असते. पुतण्या म्हणालाच, "तात्या, गेम तर चालतोय की!"

मग थंडीत का चालले? खोलीतला तापमापक त्या दुपारी ३७ अंश दाखवत होता. डिसेंबरच्या रात्री तो २२ च्या आसपास असे. प्रोसेसरवर बसवलेला कूलर त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोलीतले हे १५ अंश जवळपास तसेच प्रोसेसरच्या तापमानात मिळतात. आमचा प्रोसेसर चाचणीत ९२ अंशांवर होता, आणि तापलेल्या प्रोसेसरला त्याच गतीसाठी थोडे जास्त व्होल्टेज लागते. इथे तर उलटेच घडत होते. बायोसमध्ये १.३० लिहिलेले असले, तरी भार पडल्यावर एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रणालीत ते १.२३ पर्यंत घसरलेले दिसत होते. ही घसरण आवरायला लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाचे सेटिंग असते. दुकानदाराने ते 'ऑटो'वर सोडले होते. सांगलीत विकायच्या यंत्राची चाचणी थंडीच्या रात्री घेऊन भागत नाही, एवढी साधी गोष्ट यात सुटली होती.

पुतण्याचा आग्रह म्हणून व्होल्टेज १.३५ करून पाहिले. तापमान १०० अंशांना टेकले आणि प्रोसेसरने स्वतःच गती ४.७ वर आणली. कागदावर पाच, प्रत्यक्षात पावणेपाचाच्याही खाली. याचे गणित सोपे आहे. प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.८ गिगाहर्ट्झ व १.२५ व्होल्टवरून ५ गिगाहर्ट्झ व १.३५ व्होल्टवर गेल्यास गती सुमारे ४ टक्के वाढते आणि वीज सुमारे २१ टक्के. गेममध्ये हे ४ टक्के पुतण्यालाही ओळखता आले नाहीत.

४.९ वर १.२७ व्होल्टने प्राइम९५ आठ तास चालले. आम्ही खूश झालो, आणि त्याच रात्री गेममध्ये नवा टप्पा लोड होताना यंत्र गोठले. नोंदीत पुन्हा तीच पॅरिटी एरर. प्राइम९५ सारखा एकसुरी भार टाकते, तर गेममध्ये भार क्षणात चढतो आणि क्षणात उतरतो. त्या झोक्यात व्होल्टेज हेलकावते. म्हणून एका चाचणीवर विसंबून चालत नाही. शेवटी ४.८ आणि १.२५ वर आलो. भर दुपारी ८६ अंश, प्राइम९५ आठ तास, दोन आठवडे गेम, आणि रोज हिशेबांची झिप करून उघडून पाहणे, हे सगळे पार पडले.

दर वेळी दोष वाढवलेल्या गतीचाच असतो असेही नाही, हे नोंदवले पाहिजे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे मूळ सेटिंगवरही अस्थिर होत असल्याचे कंपनीनेच २०२४ मध्ये मान्य केले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, बायोसमधून येणारी दुरुस्ती) दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी सर्वांत आधी बायोस अद्ययावत करावा.

आमच्या दुकानदाराला वही दाखवली. माणूस लबाड नाही. त्याने एसएमपीएस निम्म्या किमतीत परत घेतला आणि सेटिंग एका व्हिडिओत पाहून घातल्याचे सांगितले. तिथेच माझी मागणी येते. संगणक विक्रेत्यांनी एकत्र बसून असे ठरवावे की, ओव्हरक्लॉक करून दिलेल्या यंत्राच्या बिलावर मल्टिप्लायर, व्होल्टेज, एक्सएमपी सुरू की बंद, कोणती चाचणी किती तास चालवली आणि त्या वेळी खोलीचे तापमान किती होते, हे पाच आकडे लिहायचे. ग्राहक पंचायतीचे काम करणाऱ्यांनीही यात लक्ष घालावे. संगणक परत आल्यावर पहिल्यांदा तो मूळ सेटिंगवर चालवून पाहायचा आणि मगच सुटा भाग बदलायचा, एवढे तरी गिऱ्हाइकाने मागून घ्यावे.

आमचे आकडे पुतण्याने एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवले आहेत, लेथच्या गिअरबॉक्सवर फेऱ्यांचा तक्ता असतो तसे. भावाने मार्चनंतरचे हिशेब पावत्यांवरून पुन्हा भरायला घेतले असून, अजून एप्रिलचा दुसरा पंधरवडा बाकी आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर
विश्रामबाग, सांगली