तुम्ही लहान पावले टाकलीत म्हणून

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला ते वाचता येणार नाही याची मला कल्पना आहे. त्याचे भाषांतर मी तुम्हाला वेगळे पाठवणारच आहे. पण बर्फातल्या त्या पदभ्रमणात माझे वाटाडे म्हणून तुम्ही माझ्यासाठी काय केलेत हे माझ्या भाषेतल्या माणसांनाही कळावे असे मनापासून वाटते, म्हणून आधी येथे लिहिते. तुमची परवानगी घेतलेली नसल्यामुळे नाव मात्र लिहीत नाही.

माझ्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे आणि स्कीइंग मला कायमचे वर्ज्य आहे. घरातील बाकी सर्वांना त्याचे वेड असल्यामुळे हिवाळी सुट्टी ठरली की ती बर्फातच ठरते. स्वित्झर्लंडमधील तुमच्या गावी येण्याआधी आणखी एका स्की रिसॉर्टमध्ये मी पाच दिवस काढले होते, आणि ते आजही सलतात. स्कीइंग न करणाऱ्याने तेथे काय करायचे, असे सहल आखून देणाऱ्यांना विचारले तेव्हा "हॉटेलची लॉबी छान आहे" एवढेच उत्तर मिळाले. रोपवेच्या खिडकीवरील माणसाने माझ्या साध्या बुटांकडे पाहिले आणि "वर जाऊन तुम्ही काय करणार?" असे विचारले. मागे रांग वाढत होती, म्हणून मी निमूटपणे बाजूला झाले. पायी हिंडणाऱ्यांसाठी वेगळे तिकीट असते, हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी कळले. त्याला ते माहीत नसेल असे मला वाटत नाही. त्यांच्यापैकी कोणीही उद्धट बोलले नाही. त्यांच्या लेखी माझी सुट्टी ही सुट्टीच नव्हती, आणि तेच मला अधिक लागले.

त्यामुळे त्या सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेच्या, खालच्या स्थानकावर तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा, तुम्ही काही विचारण्याआधीच, "मी स्कीइंग करत नाही" असे मी एखादी चूक कबूल करावी तशा सुरात सांगून टाकले. तुम्ही हातमोजे चढवत म्हणालात, "मग आज आपल्याला घाई नाही." पदभ्रमणासाठी दुसरे कोणीच आले नव्हते. एका माणसासाठी फेरी रद्द केली असती तरी तुम्हाला कोणी दोष दिला नसता.

वर पोहोचल्यावर आपण गुलाबी पाट्यांच्या वाटेने निघालो. हिवाळ्यात पायी चालणाऱ्यांसाठी बर्फ दाबून अशा वाटा मुद्दाम तयार ठेवतात, हेही मला तुमच्याकडूनच समजले. डाव्या हाताला लार्चची झाडे निष्पर्ण उभी होती. सूचिपर्णी असूनही पाने गाळणारे ते झाड, हिवाळ्यात वाळून गेल्यासारखे दिसते म्हणून मी हळहळले, तेव्हा तुम्ही एक डहाळी हळूच खाली वाकवून तिच्यावरील बारीक गाठींसारख्या कळ्या दाखवल्यात. रात्री ताजा बर्फ पडला होता. त्याच्या कणांमध्ये अडकलेली हवा आवाज शोषून घेते, असे सांगून तुम्ही थांबलात आणि मलाही थांबवलेत. उतारावर इतकी माणसे घसरत होती, तरी आपल्यापर्यंत त्यांचा काहीही आवाज येत नव्हता.

थोड्या वेळाने तुम्ही गुडघे टेकून बसलात आणि सशाच्या पायांचे ठसे दाखवलेत. दोन मोठे ठसे पुढे, दोन लहान मागे. ससा लहान ठशांच्या दिशेने गेला असावा असे मी म्हणाले. तसे नव्हते, उडी घेताना त्याचे मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, त्यामुळे तो मोठ्या ठशांच्या दिशेने गेलेला असतो. तुम्ही बर्फावर दोन्ही हात टेकवून ती उडी मला करून दाखवलीत. साठीच्या घरातील माणसाने एका अनोळखी बाईसाठी इतक्या तन्मयतेने ससा व्हावे, हे आठवले की अजूनही गळा दाटून येतो.

आल्प्समधील हिवाळ्याची गोष्टही तुम्ही त्याच बैठकीत सांगितलीत. स्वित्झर्लंडमधल्याच सेंट मॉरिट्झ गावच्या योहानेस बाड्रुट या हॉटेलमालकाने १८६४ मध्ये आपल्या उन्हाळी इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यात येण्याचे निमंत्रण दिले आणि इथले ऊन आवडले नाही तर प्रवासखर्च मी देईन अशी पैज लावली, असे सांगतात. ते पाहुणे आले, उन्हात बसले, गोठलेल्या तळ्यावर आणि घसरगाड्यांवर रमले. त्यांच्यापाशी स्की नव्हत्याच. स्कीइंग आल्प्समध्ये रुजायला आणखी दोन-तीन दशके जायची होती. "म्हणजे तुम्ही इथल्या जुन्या पाहुण्यांपैकी आहात," असे तुम्ही म्हणालात, आणि माझी इतक्या वर्षांची अवघडलेली भावना तेथेच गळून पडली.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट याहून लहान आहे. परतताना एका वळणावर वाऱ्याने वाट पुसून टाकली होती. पन्नास-साठ पावलांचे अंतर असेल, पण बर्फ गुडघ्याला लागत होता आणि माझा पाय भीतीने उचलेना. तुम्ही काही न बोलता पुढे झालात. तुमच्या ठशांत पाय ठेवत मी निघाले, आणि निम्म्यावर आल्यावर माझ्या लक्षात आले की मला एकदाही ढांग टाकावी लागली नव्हती. तुम्ही सहा फुटांहून उंच आहात. तुमचे स्वाभाविक पाऊल माझ्या दीडपट तरी असेल. तरीही तुम्ही माझ्या मापाची पावले टाकत होतात, आणि प्रत्येक ठसा टाचेने दोनदा दाबून घट्ट करत होतात. मागे वळून एकदाही पाहिले नाहीत, त्यामुळे माझी भीती पाहिली गेल्याची लाजही मला वाटली नाही.

हे कोणत्याही कामाच्या यादीत लिहिलेले नसणार. माणुसकी म्हटले की आपल्याला मोठे त्याग आठवतात, पण समोरच्याचे पाऊल किती लांब पडते हे न विचारता ओळखणारी माणसे मला आयुष्यात फार थोडी भेटली. अशा माणसांच्या सोबतीत आपली उणीव विसरायला होते. त्या दुसऱ्या ठिकाणी माझ्या बुटांकडे पाहिले गेले होते. तुम्हीही बुटांकडेच पाहिले असणार, नाही तर माप इतके अचूक आले नसते.

दाबलेल्या वाटेवर पोहोचल्यावर मी मागे वळून एक छायाचित्र काढले. त्यात पाऊलखुणांची एकच ओळ दिसते. घरच्यांना वाटले, मी एकटीच गेले होते.

तुमची कृतज्ञ,
त्या दिवशीची एकटी पाहुणी