स्किमरला एसी पंप की डीसी?

डोंबिवली, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. चार फुटी टाकीत अखेर खारं पाणी भरायचं ठरलं तर! दुकानदार एसी पंपाचा स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) स्वस्तात देतोय आणि डीसीवाल्याचे जवळपास दुप्पट सांगतोय, म्हणून तू अडून बसलायस. तू चिपळूणला राहतोस, तेव्हा माझं मत सरळ आहे: डीसी घे. फक्त बिल वाचेल म्हणून घेऊ नकोस. पंधरा-वीस वॅटचा फरक म्हणजे महिन्याला अकरा ते चौदा युनिटं. त्यात वरचे पैसे लवकर वसूल होत नाहीत.

खरा प्रश्न तुमच्याकडे पावसात जाणाऱ्या लाइटीचा. स्किमर घाण तर काढतोच, शिवाय त्या बारीक बुडबुड्यांमुळे पाण्यात प्राणवायूही मिसळतो. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, त्यात रात्रभर सगळं बंद राहिलं की मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. बरेचसे डीसी पंप २४ व्होल्टचे असतात, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून थेट चालवता येतात. चार्जिंग सुरू असताना तोच आकडा २८ च्या आसपास जातो, तेवढं पंपाचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला झेपतं का ते मात्र आधी विचार. एसी पंप घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, पण साइन वेव्ह असेल तरच धड. स्क्वेअर वेव्हवर गुरगुरतो आणि तापतो.

लाइट परत येते तेव्हा तर जास्तच सांभाळावं लागतं. मधल्या वेळात वरच्या टाकीतलं पाणी संपमध्ये, म्हणजे स्किमर ठेवलेल्या खालच्या टाकीत, उतरलेलं असतं. पातळी चढलेली, आणि एसी पंप पहिल्या क्षणापासून पूर्ण जोरात सुटतो. फेस स्किमरच्या घाण साठवणाऱ्या कपात न मावता वाहायला लागतो. चांगला डीसी कंट्रोलर वेग हळूहळू वाढवतो, तोवर पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप पातळी खाली आणतो. म्हणून दुकानातच एक कर: पंप पाण्यात चालू असताना प्लग काढ, मिनिटभराने परत लाव. तो आपणहून, आधी लावलेल्या वेगावरच सुरू झाला पाहिजे. बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसेल, तर तो तुझ्या उपयोगाचा नाही; तू दिवसभर शाळेत असतोस.

एसी पंपाचा वेग विजेच्या ५० हर्ट्झला बांधलेला, बहुधा मिनिटाला ३,००० फेरे. हवेचा व्हॉल्व्ह आणि बाहेरचा पाइप फिरवून जे जमेल तेच. नवीन स्किमर पहिले काही दिवस लहरी असतो, तेव्हा वेग दोन पायऱ्या खाली आणता येणं ही मोठी सोय आहे.

आता एसीची बाजूही ऐक. आत एक कॉइल आणि चुंबकाचा रोटर, बिघडायला फारसं काही नाहीच. डीसीचं दुखणं कंट्रोलरमध्ये. खारी हवा आणि विजांचा कडकडाट, दोन्ही त्याच्या मुळावर. तो संपच्या कपाटात ठेवू नकोस. बाहेर भिंतीवर उंच लाव, वायरीला खाली झोल दे म्हणजे ओघळ आत जाणार नाही. सुटा कंट्रोलर आणि इम्पेलर (पंपातलं फिरणारं, सुयांचं चाक) मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचार. मिळत नसेल तर तो ब्रँड सोड, कितीही देखणा असो.

साफसफाई दोघांनाही सारखीच. इम्पेलर काढलास की शाफ्टवर पांढरी खरखरीत पुटं दिसतील आणि सुयांच्या मुळाशी तपकिरी चिकटा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून तासभर भिजव, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घास. सिरॅमिकचा शाफ्ट फार नाजूक, जोर लावलास की तुटलाच.

रिटर्न पंप एसीचाच राहू दे, पण लाइट गेली की तो इन्व्हर्टरवर चालू दे, नाहीतर स्किमरने मिसळलेला प्राणवायू वरच्या टाकीत पोचणारच नाही. आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नकोस. पोरंही टाकीत हात घालणारच.

संपमध्ये पाणी किती इंच राहणार ते मोजून कळव. स्किमरला ठरावीक खोली लागते, ती बघूनच मॉडेल नक्की करू. तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश