ग्रंथपाल बाईंना, व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडून

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

जयंतीच्या व्याख्यानमालेत तुमचे आभार स्टेजवरून मानायचे होते, पण ‘माझं नाव घेऊ नका’ असं तुम्ही बजावलंत. म्हणून हे जाहीर पत्र. नाव इथेही लिहीत नाही.

‘वक्त्याला बाबासाहेबांचे विचार असा मोघम विषय देऊ नका, त्यांचं एकेक लिखाण द्या,’ ही सूचना तुमची. समितीत कुरबुर झाली. एवढं जड कोण ऐकणार, हा सगळ्यांचा प्रश्न. तेव्हा तुम्ही शासनाने काढलेल्या ‘लेखन आणि भाषणे’चा पहिला खंड उघडून ठेवलात. १८ जानेवारी १९४३, पुण्याचं गोखले स्मारक सभागृह, न्यायमूर्ती रानड्यांची १०१ वी जयंती. जयंतीच्याच व्यासपीठावर बाबासाहेब विचारतात की मोठा माणूस म्हणायचं कुणाला, आणि रानड्यांना त्या कसोटीवर घासून बघतात. विभूतिपूजेवरही तिथेच कोरडे ओढतात. जयंतीला कसं बोलावं हे त्यांनीच दाखवून दिलंय, यावर कुणी वाद घातला नाही.

रुपयावरच्या १९२३ च्या प्रबंधाची मला सर्वांत धास्ती होती. तुम्ही सहाव्या खंडातली मोजकी पानं झेरॉक्स करून आधीच वाटलीत, अवघड शब्दांचे अर्थ समासात हाताने लिहून. त्यामुळे चलन वाढवण्याची मोकळीक सरकारला राहिली की भाव चढतात आणि मजुरी मागे पडते, हा मुद्दा मांडला गेला तेव्हा मागच्या रांगांतून प्रश्न आले. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे लंडनचे प्राध्यापक कॅनन स्वतः बाबासाहेबांशी सहमत नव्हते, हे कळल्यावर तर मुलं जास्तच सरसावून बसली. मतभेद असूनही गुरू शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना देतो, हे त्यांना फार आवडलं.

आणि जातिनिर्मूलनावरचं १९३६ चं लाहोरचं भाषण! आयोजकांना मजकूर खटकला, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, भाषण झालंच नाही. त्यांनी ते स्वखर्चाने छापलं, १५०० प्रती. तुम्ही ते वाचनकक्षात रोज थोडं थोडं मोठ्याने वाचून घेतलंत. वाचायला येणाऱ्यांत बायका जास्त होत्या, आणि व्याख्यानानंतर बोलल्याही त्याच. आमच्या मालेत हे याआधी झालं नव्हतं. हे सर्वस्वी तुमचं श्रेय आहे.

पुढच्या वर्षासाठी तुम्ही सुचवलेलं १९३९ चं काळे स्मृती व्याख्यान, संघराज्य आणि स्वातंत्र्यावरचं, समितीने एकमताने घेतलं आहे. झेरॉक्सचा खर्च या वेळी समिती करेल. समासातले अर्थ मात्र तुम्हीच लिहावेत, ही विनंती.

आपला,
व्याख्यानमालेचा एक कार्यकर्ता