पोटॅशियम कमी झाले, पण गेले कुठे?

महोदय,

‘पोटॅशियम उतरले होते, सलाइनमधून दिले, आता बरे आहे,’ असे दवाखान्यातून घरी आलेले पेशंट सांगतात. उन्हाळ्यात तर हे फारच ऐकू येते. ते का उतरले, हे मात्र डिस्चार्ज कार्डावर क्वचितच लिहिलेले असते आणि नातेवाईकही विचारत नाहीत. मग काही आठवड्यांनी तोच पेशंट तीच तक्रार घेऊन परत येतो.

रक्तातले पोटॅशियम लिटरमागे साधारण 3.5 ते 5 एमईक्यू (मिलीइक्विव्हॅलंट, क्षार मोजण्याचे एकक) असावे. ते 3 पर्यंत उतरले तरी अनेकांना काही जाणवत नाही. त्याखाली पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना मांड्यांत त्राण राहत नाही, पोट साफ होत नाही, छातीत धडधडते. वयस्कांच्या बाबतीत हे सगळे ‘अशक्तपणा’ या खात्यावर जमा होते आणि ताकदीचे इंजेक्शन देऊन वेळ मारून नेली जाते. 2.5 च्या खाली हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तेव्हा ईसीजी लगेच हवा.

कारण बहुतेकदा घरातल्या गोळ्यांच्या डब्यात सापडते. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात सहसा हायड्रोक्लोरोथायझाइड असते, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. दोन्ही लघवीवाटे सोडियमबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतात. पायांच्या सुजेसाठी दिलेली फ्युरोसेमाइडही तेच करते. त्यात जुलाब लागले की तूट झपाट्याने वाढते. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. दम्याचे नेब्युलायझर, स्टेरॉइड, रोजची पोट साफ करणारी औषधे आणि खोकल्यासाठी महिनोन्महिने चघळलेले ज्येष्ठमध हेही यादीत आहेत. ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरते आणि बीपी चढते, हे कोणी सांगत नाही.

‘नारळपाणी प्या’ हा सल्ला चुकीचा नाही, तोकडा आहे. आकडा 4 वरून 3 वर आला, तर शरीरातली तूट साधारण 200 ते 400 एमईक्यू असते. एका शहाळ्यातून जेमतेम 12-15 मिळतात, केळ्यातून 10-11. पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या सिरपच्या 15 मिलीत 20 असतात. ते चवीला जहाल, म्हणून पेशंट दोन दिवसांत सोडून देतात. अर्धा पेला पाण्यात मिसळून जेवणानंतर सावकाश घेतले तर पोटात आग होत नाही. जुलाबात घरचे मीठ-साखरेचे पाणी चालते, पण त्यात पोटॅशियम जवळपास नसते. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते.

सिरप नियमित घेऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासावे. ते कमी असताना मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही. वर्षानुवर्षे ॲसिडिटीची पँटोप्राझोल घेणाऱ्यांत हे दिसते.

सलाइनबाबत नातेवाईकांना एक विनंती: चाकी फिरवून थेंब वाढवू नका. नेहमीच्या वॉर्डात तासाला 10 एमईक्यू हा वेग ठरलेला असतो, म्हणजे 20 एमईक्यूच्या एका ॲम्प्युलला (औषधाच्या छोट्या कुपीला) किमान दोन तास. घाई केली तर शीर जळतेच, शिवाय हृदय बंद पडू शकते. डॉक्टरांनीही पोटॅशियम ग्लुकोजच्या सलाइनमधून देणे टाळावे. ग्लुकोजने इन्सुलिन वाढते आणि पोटॅशियम पेशींत शिरून आकडा आणखी उतरतो.

भरपेट जेवून झोपलेला तरुण सकाळी दोन्ही पाय लुळे पडून उठतो, तेव्हाही हेच घडलेले असू शकते. घरचे लकवा समजतात. शरीरातले पोटॅशियम गेलेले नसते, पेशींत लपलेले असते. म्हणून भरमसाट दिले तर काही तासांत उलट वाढते. थायरॉइड वाढल्यानेही असे होते, म्हणून या पेशंटची थायरॉइड तपासणी राहता कामा नये.

रिपोर्टही फसवतो. तालुक्यातून शहराच्या लॅबकडे निघालेली नळी मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास राहिली तर आकडा खोटा कमी येतो. नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर खरी कमतरता झाकली जाते. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर नमुना पुन्हा द्यावा. पोटॅशियम सुरू करण्याआधी एकदा लघवीतले पोटॅशियमही मोजावे. रक्तात कमी असताना लघवीत लिटरमागे 20 एमईक्यूच्या वर आले, तर गळती मूत्रपिंडातून आहे. तपासणी साधी आहे, पण सलाइन लावायच्या गडबडीत राहून जाते.

डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी एवढीच मागणी आहे: कारण काय, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला. तारीख यासाठी, की उरलेली सिरपची बाटली पुढच्या वर्षी पुन्हा उघडली जाते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम धरून ठेवणारी औषधे चालू असतील, तर तेच सिरप आणि बाजारातले ‘लो सोडियम’ मीठ (त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते) पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढवते.

– एक फिजिशियन, मिरज